सुरीचं कौतुक

मंगळवार, ३ ऑगस्ट
कॉलिंगवुडला बर्नीच्या गॅलरीत रोवेना पास्कची अकरा चित्रं पाहिली. उद्घाटन परवा. समुद्रकिनारे, नेहमीचेच भित्रे रंग. पण सात कॅनव्हास सुरीनं उभे चिरलेले! फाटके काठ लोंबतायत, मागची भिंत दिसते. वीस मिनिटं जागचा हललो नाही.
बर्नी मागं मागं. "कार्ल, त्या कापांबद्दल जरा बोलायचं होतं—"
"भिंतीवर आहे तेवढंच बघतो मी."
"माहीत आहे रे बाबा. एकतीस वर्षं ऐकतोय."
चित्रकाराला भेटायचं नाही, खुलासे ऐकायचे नाहीत. नियम म्हणजे नियम.

बुधवार, ४
चारच्या आत परीक्षणाचा मजकूर दिला. शेवट जमला: 'कुंचला घाबरतो, सुरी घाबरत नाही. पास्क यांनी यापुढे सुरीनंच बोलावं.'
संपादक मार्गो म्हणाली, "चक्क कौतुक? तब्येत बरी आहे ना तुझी?"

शनिवार, ७
छापून आलं. एक शब्दही कापलेला नाही!

सोमवार, ९
रोवेना पास्क ऑफिसात आली. मफलर सोडला – गळ्यावर बोटांचे निळे वळ. माझं कात्रण टेबलावर ठेवलं.
"सुरी माझी नव्हती. डॅरिलची. माझा नवरा. चित्रं गॅलरीत पोचवायच्या आदल्या दिवशी."
"मग टांगलीत कशाला?"
"नसती टांगली, तर तोच जिंकला असता. बर्नी तुम्हाला सांगणार होता."
"पबात वाचून दाखवतो तो हे. खरा कलावंत मी, म्हणतो. शनिवारी मला भिंतीशी दाबून धरलं आणि मोठ्यानं वाचायला लावलं. दोनदा."
आता बहिणीकडे राहते. त्यानं जवळ फिरकू नये म्हणून कोर्टात अर्ज केलाय. त्याचा वकील माझा लेख दाखवणार – बघा, काप हिचेच!
"एवढंच छापा, की चुकलं."
मी म्हणालो, विचार करतो. विचार करतो!

मंगळवार, १०
मार्गो: "मत ते मत. एकदा मागं घेतलंस, की उद्या दारात रांग लागेल."
मलाही तेच ऐकायचं होतं.

शनिवार, १४
सकाळी बर्नीचा फोन. काल कोर्टात वकिलानं माझा शेवट सावकाश वाचला. निकाल पुढं ढकलला – पंधरा दिवस.
कालच संध्याकाळी रोवेनाची बहीण बाहेर गेली होती. डॅरिलनं दार तोडलं. रोवेनाचा उजवा हात चौकटीवर धरला आणि आतलं दार त्यावर आपटलं. तीन बोटं मोडली. पोलिसांना म्हणाला, "तिनंच करून घेतलं. मोडतोडीची हौसच आहे तिला, पेपरात वाचा की!" साक्षीदार नाही. सोडून दिलं.
"आता तरी ऐकशील का, गाढवा?" बर्नी रडत होता.
आज दिवसभर डोळ्यांसमोर तिचा मफलर दिसत राहिला.

बुधवार, १८
लिहिलं. 'मी चुकलो. ते काप रोवेना पास्क यांचे नव्हेत. भिंतीवर मारहाणीचा पुरावा टांगलेला होता आणि मी टाळ्या वाजवल्या. ते एका भेकडाचं काम आहे.' कुणाचं, ते नाव पेपरच्या वकिलानं गाळलं. 'भेकड' राहू दिलं.
मार्गोनं दोनदा वाचलं. "नोकरीवर बेतेल कार्ल. तुझ्या नाही, माझ्या." मग म्हणाली, "जाऊ दे छापायला."

शनिवार, २१
आलं. रोवेनाचा फोन नाही. का यावा?

सोमवार, २३
डाव्या हातानं लिहितोय, अक्षर वेडंवाकडं. काल सकाळी दार उघडलं तर समोर डॅरिल. "भेकड कोण रे?" सुरीनं माझा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत उघडला. एकोणीस टाके.
पोलिसानं विचारलं, "सुरी कुणाच्या हातात होती, सांगता येईल?"
म्हटलं, या वेळी पाहिलंय.