बदामांच्या चढावरचे दगड

कुइंब्रा, ४ मे १९९३

ती. आई व ती. बाबा यांस,

मिनाचा सा. न. वि. वि. दोघांचा आशीर्वाद मागून लिहायला बसले आहे, पण डोकं तापलेलं आहे हे आधीच सांगते.

पहिला राग तुम्हा दोघांवर. बाबांनी लिस्बनमध्ये तीस वर्षं रस्त्यांची फरसबंदी केली, आणि आई, तू त्या शहरात एकदाही पाऊल ठेवलं नाहीस. म्हणून लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला तुम्ही तिथे जावं, दिवसभर पायी हिंडावं, असा हट्ट मी धरला. कुठलं चर्च, कुठलं संग्रहालय, कुठे सावलीत बसायचं, सगळं ओळीने लिहून दिलं. बदल्यात मला एक कार्ड आलं. लिस्बन पाहिलं, पाय दुखले, कोंबड्या बऱ्या आहेत. आई, कोंबड्यांची चौकशी मी केली नव्हती.

दुसरा राग मोठा आहे. बाबा, लिस्बनमधला तुमचा बदामांचा चढ पालिका उखडणार आहे. वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आहे. तुम्ही एकेक दगड तळहातावर घेऊन, हातोडीने टवके उडवून बसवलेला तो पांढरा रस्ता काढून तिथे सिमेंटच्या लाद्या घालणार. मी शिकवते त्या वर्गातल्या मुलांनाही हे वाचून वाईट वाटलं.

विद्यापीठात चार वर्षं मी इतिहास शिकले. चौक बांधायचा हुकूम कुठल्या राजाने दिला आणि त्याचा नकाशा कुणी काढला, ते पाठ केलं. लाकडी चौरंगावर बसून ज्यांनी गुडघे झिजवले, त्यांतलं एक नाव पुस्तकात सापडलं नाही. आता सापडेल. मी विरोधाचा अर्ज तयार करून चारशे बारा सह्या गोळा केल्या आहेत. २८ तारखेला लिस्बनला सुनावणी आहे आणि बोलणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव तुमचं घातलं आहे. भाषण सोबत पाठवते. दोनच पानं आहेत, बाबा. मोठ्याने वाचून सराव करा.

तुमच्या मायेची आणि उलटटपाली होकाराची वाट पाहणारी,
फेलिस्मिना


व्हाल-दो-फ्रेइशो, ९ मे

चि. मिनास आईचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. अक्षर वाकडं आलंय, हसू नकोस.

तुझी यादी पिशवीत होती, उकडलेल्या अंड्यांच्या खाली. बसमधून उतरल्यावर मी ती काढली, तर तुझे बाबा म्हणाले की चर्च काही पळून जात नाही, तू आधी खाली बघ. मग दिवसभर मी खालीच बघितलं. लिस्बनला आकाश आहे की नाही, मला विचारू नकोस.

पाच-पाच पावलांवर ते थांबायचे. बुटाच्या टाचेने चाचपायचे. हा माझ्या जोडीच्या कुस्तोदियोचा हात, म्हाताऱ्याच्या दातांसारखे दगड लावलेत. हा माझा. हा कुणा शिकाऊचा, सोमवारी लावलेला दिसतो. एका हमरस्त्यावर आम्ही दोघं अशी मान घालून उभे, तर एका सोनेरी केसांच्या परदेशी जोडप्याला वाटलं आमची अंगठी हरवली. तीही बिचारी वाकून शोधायला लागली. मग आणखी तिघं. तुझे बाबा त्यांना पाय उचला, माझ्या दगडी फुलाच्या पाकळीवर उभे आहात, असं दरडावत होते, आणि ती माणसं आणखीच जोमाने शोधत होती. लाटांच्या नक्षीच्या चौकात तर जमीनच हलते आहे असं वाटलं. मी जाऊन पायरीवर बसले.

तिथे मला खरा राग आला. तीस वर्षं हा माणूस महिन्यातून एका शनिवारी घरी यायचा. काय करता विचारलं की दगड लावतो म्हणायचा. मला वाटायचं, खडी टाकत असतील. आणि तिथे बघते तर काय, मी विणते तसली लेस, नुसती दगडाची. अगं, त्याला एकदा तरी सांगायला काय झालं होतं? मी शेजारणींपुढे मिरवलं असतं. हे मी त्यांना तिथल्या तिथे सुनावलं, लोक बघत होते तरी. तर म्हणतात, तू कधी विचारलंस?

मग बदामांचा चढ चढलो. मग घरी आलो.

तुझं भाषण त्यांनी एकदा वाचलं आणि मिठाच्या बरणीखाली ठेवलं. त्यानंतर बोलणं बंद आहे. जास्त ताणू नकोस, मिना.

जेवत जा वेळेवर, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आई देओलिंदा


कुइंब्रा, १४ मे

ती. आई व ती. बाबा यांस,

सा. न. वि. वि. आज आशीर्वाद मागत नाही, उत्तर मागते.

बाबांशी बोलायचं म्हणून मी गावच्या पोस्टात फोन केला. पोस्टातल्या बाईंनी आईचा हात कसा आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, कुठला हात? तर उजवं मनगट मोडलंय, लिस्बनहून आल्यापासून प्लास्टरमध्ये आहे. सगळ्या गावाला ठाऊक आहे. आई, तू डाव्या हाताने पत्र लिहिलंस आणि मला अक्षराला हसू नकोस म्हणालीस. मी हसलेही होते. आता स्वतःचीच लाज वाटते आहे.

बसवाल्याने पाडलं असेल तर त्याची तक्रार मी करते. आणि बाबा, आपल्या हातचं काम उखडायला निघालेत आणि तुम्ही मिठाच्या बरणीकडे बघत बसला आहात. मुकादमासमोर खाली घातलेली मान अजून वर येत नाही का? सुनावणीला दोन आठवडे उरले आहेत. खरं काय ते तुमच्या हातचं लिहून पाठवा.

रागावलेली, तरीही तुमचीच,
मिना


व्हाल-दो-फ्रेइशो, १८ मे

चि. फेलिस्मिनास बेल्मिरोचा आशीर्वाद. तू मागितला नाहीस तरी पाठवतो.

मी तिसरी शिकलेला माणूस. तुझ्यासारखं लिहिता येणार नाही.

बसवाल्याने काही केलं नाही. तुझी आई बदामांच्या चढावर घसरली. माझ्या दगडावर. आम्ही कामगार आपल्या कामात कुठेतरी एक खूण लपवायचो. माझी खूण चमचा, सात काळ्या दगडांचा. वळणावर तो आहे. तो बघायला ती वाकली आणि पाय सटकला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

तुझ्या भाषणात लिहिलं आहेस की बत्तीस वर्षांत तिथला एक दगड हललेला नाही. खरं आहे. तेच तर दुखणं आहे. हलला नाही, नुसता घासला गेला आणि काचेसारखा झाला. पांढरा दगड सपाटीला चांगला. चढावर त्यात दर दोन हातांवर खरबरीत काळ्या दगडाची आडवी ओळ हवी, म्हणजे पाय धरतो. हे मला ६१ सालीही ठाऊक होतं. मी मुकादमाला सांगितलं. त्याने नकाशा दाखवला. नकाशात सगळं पांढरं होतं. तुझे हात कामाला ठेवलेत, तोंड नाही, असं म्हणाला. नवीन लग्न, घरावर धड छप्पर नाही. मी गप्प बसलो आणि लावले. मान खाली घातली म्हणतेस ते बरोबर आहे, पण ती आज नाही, त्या दिवशी घातली.

समोरच्या घरातून एक बाई आल्या, एर्मिनिया नावाच्या. त्यांनी खुर्ची आणली, हाताला ओलं फडकं बांधलं. या हिवाळ्यात नऊ माणसं पडली म्हणाल्या. पावसाचं चिन्ह दिसलं की त्या रस्त्यावर राख टाकतात. हा रस्ता कुठल्या मेल्याने केला, असं त्यांनी मला विचारलं. मी उत्तर दिलं नाही. तुझ्या आईनेही दिलं नाही. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही.

आणि तू मला तिथे उभं राहून या दगडांना हात लावू नका म्हणायला सांगतेस. ते मी म्हणणार नाही. सुनावणीला जाईन. पण तुझा कागद वाचणार नाही. तू माझ्या तोंडी वारसा हा शब्द चार वेळा घातला आहेस. मी तो आजवर एकदाही उच्चारलेला नाही. चढावरचे दगड काढा, असं सांगेन. ते मी लावले, हेही सांगेन.

राग संपला की लिही, नाही संपला तरी लिही.
तुझा बाप, बेल्मिरो


कुइंब्रा, २२ मे

ती. बाबा, ती. आई,

सा. न. वि. वि. दोघांचाही आशीर्वाद हवा आहे, आज जरा जास्तच.

एक दिवस मी तुमच्यावर चिडले होते. मी गोळा केलेल्या सह्यांवर तुम्ही एका वाक्यात पाणी ओतलंत असं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून स्वतःवर चिडले आहे. मी चारशे बारा लोकांना विचारलं. आई, तुला नाही विचारलं. त्या रस्त्यावर राहणाऱ्या एकाही माणसाला नाही विचारलं. बाबांना बोलायला लावायचं म्हणून बोलायचं काय तेही मीच ठरवलं. मग त्या मुकादमात आणि माझ्यात फरक काय राहिला?

२८ ला माझ्या शाळेत परीक्षा आहेत, मला सुटता येणार नाही. सह्या करणाऱ्या प्रत्येकाला मी हाताने पत्र लिहिते आहे, की माझा अर्ज चुकीचा होता, आणि दगड लावणारा काय म्हणतो ते असं असं आहे. साठ झाली. काही जण मला शिव्या घालतील, घालू देत.

आई, हात हलवू नकोस. दोघांनी मला पदरात घ्यावं.
मिना


व्हाल-दो-फ्रेइशो, ३० मे

चि. मिनास आईचे भरभरून आशीर्वाद. डावा हात आता चांगला वळायला लागलाय.

सुनावणीची हकीकत लिहिते. तुझ्या बाबांनी कोट घातला होता. नाव पुकारल्यावर उठले आणि म्हणाले की तो चढ मी केला, तो निसरडा आहे, काढा. एर्मिनियाबाई आमच्याच रांगेत होत्या. त्यांनी मान वळवून यांच्याकडे रोखून बघितलं.

टेबलामागचे चष्मेवाले साहेब मात्र खुलले. आभारी आहोत, म्हणजे लाद्या घालायला तुमची हरकत नाही, असं म्हणून त्यांनी फाइल मिटली. तुझे बाबा तोंड उघडतात तोवर पुढच्याचं नाव पुकारलं. मिना, बत्तीस वर्षांनी तेच. मला राहवलं नाही. यादीत नाव नसताना मी उभी राहिले. साहेबांना सांगितलं की यांचं बोलणं अर्धं झालंय, फाइल उघडा. पडले मी, मोडलं माझं हाड, आणि मी काही सिमेंट मागायला आले नाही. पाव करपला म्हणून कुणी पिठाचं पोतं उकिरड्यावर टाकत नाही, भट्टीत डोकावतं. यांना भट्टीचं कळतं, ऐकून घ्या. प्लास्टर समोर धरलं होतं, म्हणून असेल, मला कुणी खाली बसवलं नाही.

मग बाबांनी काळ्या ओळींचं सगळं नीट सांगितलं. बोलताना टेबलावरच्या काडेपेट्या मांडून दाखवल्या. शेवटी साहेबांनी काय दिलं, तर वळणाजवळची तीन मीटर जागा. महिनाभर चार तरुण कामगारांना हाताशी घेऊन करून दाखवा, हिवाळ्यात कोण पडतं ते बघू, मग उरलेल्याचं ठरवू. तीस वर्षं राबलेल्या माणसाला तीन मीटर. मला अजून संताप येतोय. तुझे बाबा मात्र तीन मीटर पुष्कळ झाले म्हणतात.

बाहेर आल्यावर एर्मिनियाबाई यांना म्हणाल्या, तर तो मेला तुम्हीच. हे म्हणाले, होय. त्या म्हणाल्या, निदान कबूल तरी केलंत, आमच्याकडे कुणी कबूल करत नाही. माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे, कामाच्या दिवसांत तिथे राहा.

घरी आल्यावर यांनी हातोडी काढली आणि मला म्हणाले की काळजी करू नकोस, शनिवारी येत जाईन. अठ्ठावन्न सालापासून मी हेच ऐकते आहे. मी त्यांना सांगितलं, शनिवार पुरे झाले. तुम्ही दगड लावा, मी खुर्ची घेऊन बाजूला बसणार आणि बघणार. वाकडा लागला तर सांगणारसुद्धा. लेस कशी हवी ते मला कळतं.

तेव्हा परीक्षा संपली की तिकडेच ये. सात तारखेपासून पत्र इकडे घालू नकोस. पत्ता असा: देओलिंदा व बेल्मिरो, द्वारा एर्मिनियाबाई, बदामांचा चढ, घर क्रमांक सतरा, लिस्बन.

माया आहे तशी नको, वाढत जावी.
तुझी आई