ताईच्या गेमला चढलेला कळंक

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार, वाकून, हात गुडघ्यापर्यंत नेऊन. (तुझ्या गुडघ्यापर्यंत नव्हे, तो सध्या प्लास्टरमध्ये आहे हे मला माहीत आहे.) भाऊजी फोनवर सांगत होते की प्लास्टर अजून पाच आठवडे राहणार आणि तू दिवसभर पंख्याकडे बघत पडून असतेस. कंटाळा येतो का असं विचारलं तर म्हणालीस म्हणे, "त्याला विचारा, फिरतोय तो." हे वाक्य मी परवाच्या सभेत वापरलं. टाळ्या पडल्या. तुझं आहे हे सांगायचं राहून गेलं.

इकडे सगळं ठीक. माझा घसा उत्तम. हिची तब्येतही छान, फक्त ती माझ्याशी कामापुरतंच बोलते, कारण महिनाभर आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो आहोत. जेवणाच्या टेबलावर काय पसरलं आहे ते सांगण्यासाठीच हे पत्र. फोनवर सांगायला लागलो असतो तर तू दुसऱ्या मिनिटाला "मुद्दा, वक्ते, मुद्दा!" म्हणाली असतीस. पत्रात तुला मधे बोलता येत नाही.

ताई, मी माळ्यावरून तुझा व्हिडिओ गेम खाली काढला.

तू विसरली असशील अशी आशा मी एकतीस वर्षं केली, पण तू काही विसरणारी नाहीस, म्हणून स्पष्टच लिहितो. मी बारा वर्षांचा होतो, शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेचा कप नुकताच घरी आला होता, आणि रात्रीच्या जेवणाआधी मी बाबांसमोर उभा राहून दहा मिनिटं बोललो. हा डबा म्हणजे बुद्धीवर चढणारा गंज आहे, हा डबा घराघरातली माणसं मुकी करील, असं बरंच काही. कुणाचंही न ऐकणारे बाबा उठले, आणि डबा जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेला. त्यानंतर मी हजारभर भाषणं केली असतील. इतका ताबडतोब परिणाम एकाचाही झाला नाही. आमच्या गल्लीतला दिवासुद्धा अजून लागलेला नाही. तू सोळा वर्षांची होतीस. परीक्षा संपली होती आणि तुझा तो कंदीलवाला माणूस सगळी बेटं ओलांडून शेवटच्या किल्ल्याच्या दारात उभा होता. तू रडली नाहीस, भांडली नाहीस. वायर नीट गुंडाळून बाबांच्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "दुमडू नका, तुटते." कित्येक व्यासपीठांवर, ऐन रंगात आलेलो असताना, मला ती वायर दिसली आहे.

तर, तू पडून आहेस हे कळल्यावर मी ठरवलं की तुझा गेम होता तसा तुझ्या उशाशी नेऊन ठेवायचा. वायर शाबूत होती. लाल दिवा लागला. कॅसेट घातली, तर पडद्यावर नुसता करडा रंग, मग लुकलुक, मग पुन्हा करडा. अशा वेळी काय करायचं हे आपल्या घरात पोराटोरांनाही ठाऊक होतं: कॅसेट काढायची, तिच्या खालच्या फटीत फुंकर घालायची, पुन्हा बसवायची. तुझी फुंकर मला आठवते, खरचटलेल्या कोपरावर घालावी तशी. मी पाचशे माणसांपुढे माइकशिवाय बोललेला माणूस आहे. माझी फुंकर त्या मापाची. कॅसेटमध्ये फुंकलं, मग जिथे कॅसेट बसते त्या खाचेतही फुंकलं, सकाळ-संध्याकाळ, तीन आठवडे. दर फुंकरीला पडदा थोडा लुकलुकायचा, म्हणजे समोरचा ऐकतोय असं मला वाटायचं. (मधल्या काळात विजेच्या इतिहासावरचे दोन जाड ग्रंथ वाचले. अतिशय वाचनीय. उपयोग शून्य.) शेवटी ही म्हणाली, "त्याला आता मत द्यायला सांगू नका म्हणजे झालं," आणि मला रेडिओवाल्या बाईंचा पत्ता दिला.

बाई शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत रेडिओ दुरुस्त करतात. त्यांनी डबा उघडला, डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाल्या, "कळंक लागलाय."

मी ताडकन उभा राहिलो. मी म्हटलं, बाई, आमच्या घराण्याला आजवर...

"पिनांना म्हणतेय मी," त्या म्हणाल्या. "तांब्यावर चढतो तो, हिरवा. फुंकता का तुम्ही यात?"

"थोडंसं."

"थुंकी आहे ही. घरात किती जण फुंकतात?"

"मी एकटाच."

त्यांनी भिंग काढून माझ्याकडे नीट पाहिलं. "भाषणं करता?"

ताई, बारा वर्षांचा असताना मी ज्याला गंज म्हटलं होतं तो तेव्हा त्या डब्यात नव्हता. तो आत्ता होता आणि माझ्याच तोंडचा होता. यावर बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं, पण बाईंनी माझ्या हातात दिवा दिला. "हा धरा. आणि तोंड बंद, भिंगावर वाफ धरते."

मी दोन दुपारी तोंड बंद ठेवलं. (हिला अजून खरं वाटत नाही.) एकेक पीन सुईने सरळ करायची, कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून पुसायची, कॅसेटच्या कडेवरच्या पट्ट्या साध्या खोडरबराने घासायच्या. काडी हिरवी व्हायची, बाजूला पडायची, दुसरी यायची. खालून शिवणयंत्राचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. पाठी उघड्या टाकलेले रेडिओ भिंतीला टेकून ऊन खात होते आणि उन्हाच्या पट्ट्यात धूळ इतकी सावकाश तरंगत होती, की तिलाही कुणी बोलू नका म्हटलं असावं. मला वाटायला लागलं, आपण एका मोठ्या शांत माशाच्या पोटात बसलो आहोत आणि तो मासा आपल्याला कुठेतरी घेऊन चालला आहे. कुठे, ते विचारायची गरज नाही. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच मी कुणाचंच मत बदलत नव्हतो. मग बाईंनी कॅसेट बसवली, कुठेही फुंकर न घालता, आणि पडदा निळा झाला. तोच निळा, ताई! आभाळाचा नाही, समुद्राचाही नाही, फक्त त्या गेमचा. तीच चार सुरांची धून. कंदीलवाला माणूस होडीतून उतरला आणि आपण काही सांगू म्हणून वाट बघत उभा राहिला. मी पडद्याकडे वाकलो. बाई म्हणाल्या, "दिवा सरळ."

तेव्हा कळवायला आनंद होतो की तुझा गेम जसाच्या तसा आहे. तू जिथे थांबलीस तिथेच, किल्ल्याच्या दारात. लवकरच पोचता करतो. पायावर भार देऊ नकोस. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
वक्ता

ता. क. सहज विचारतो, दुसऱ्या बेटावर फळ्या निखळलेला जो पूल आहे तो तू कसा ओलांडायचीस? उडी आधी मारायची की कंदील आधी विझवायचा? घाई नाही. उद्यापर्यंत कळलं तरी चालेल.

ता. क. २. शक्यतो आजच फोन कर. माणूस सदतीस वेळा पाण्यात पडला आहे आणि ही टेबल परत मागते आहे.

ता. क. ३. पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून लिहितो आहे. ताई, वर जसाच्या तसा म्हटलं ते खोटं आहे. खेळ कुठवर आला हे लक्षात ठेवायला कॅसेटच्या आत बटणाएवढा एक सेल असतो. तो माळ्यावर केव्हाच संपला. बाईंनी नवा घातला, पण तुझी बेटं, तुझा किल्ला, काहीच उरलेलं नाही. मी रोज पहाटे उठून खेळत होतो, की किल्ल्यापर्यंत पोचवून, खेळणाऱ्याच्या नावाच्या ओळीत तुझं नाव घालून, तुझाच म्हणून तुझ्यापुढे ठेवावा. जमलं असतं तर ठेवलाही असता. मी घेतला तेव्हा तो भरलेला होता, परत देतोय तो कोरा आहे. यावर मला एकही वाक्य सुचत नाही. माझा दुसऱ्या बेटापर्यंतचा खेळ आत्ताच पुसून टाकला. रविवारी सकाळच्या बसने डबा घेऊन येतो. दार भाऊजींना उघडू दे. आणि काय बोलायचं असेल ते तू बोल, मी मधे बोलणार नाही.