हँडलावरचा निळा दोरा

अहो शहाणे,

तुम्ही गेलात त्याला वर्ष होत आलं. तुमच्याशी अवाक्षर बोलायचं नाही असं ठरवून बसले होते. पण आज आपल्या सायलीच्या सायकलला नवं हँडल मी बसवलं, माझ्या हातांनी, आणि त्यावर एक ओरखडा नाही. हे तुम्हाला ऐकवल्याशिवाय मला घास गिळवणार नाही, म्हणून लिहायला घेतलं.

एक ओरखडा नाही! ऐकलंत?

काय तुमचा तोरा होता गावात! रेवसला बोटींची इंजिनं खोलणारा माणूस, त्याच्यापुढे सायकल म्हणजे किस झाड की पत्ती! ओटीवर सायकल आडवी टाकायची, ते वाकडं हँडल त्याला पकडणाऱ्या लोखंडी गळ्यात घुसवायचं, आणि अडलं की हातोडी. "जोर लागतो," म्हणायचात. जोर कसला? अक्कल लागते. त्या गळ्याला फट असते ना? ती आधी जरा रुंद करा म्हटलं होतं मी. वाकडी वस्तू सरळ रेटली तर घासणारच, तेल लावून वळवत वळवत घ्या, कासार बांगडी चढवतो तसं. तर चार माणसांत मला हसलात. मी काय बांगड्या भरायला बसलोय का, म्हणे.

मग पडला ना चकचकीत हँडलावर हा एवढा ओरखडा! आपल्याकडे खारा वारा. चरा पडला की गंज धरतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. तुम्ही काय केलंत? जाळ्याचा उरलेला निळा दोरा त्यावर घट्ट गुंडाळलात आणि वर सुबक गाठ मारलीत.

"दिसत न्हाय ना आता? मग झालं."

दोऱ्यात खारं पाणी मुरतं हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? बोटीवर जन्म गेला तुमचा! ठाऊक होतं. फक्त दिसायला नको होतं.

तुमची सगळी तऱ्हाच ती. छातीत दुखायला लागलं तर म्हणे गॅस झालाय. ओवा चावायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचं. अलिबागच्या डॉक्टरांना दाखवून आलात, त्यांनी लगेच मुंबईला जा म्हणून बजावलं, आणि घरात कुणाला पत्ता नाही! मला कळलं ते तुम्हाला पोचवून आल्यावर, त्या डॉक्टरांच्या तोंडून. सायलीची परीक्षा तोंडावर आहे, घरी कळायला नको, असं त्यांना सांगून आला होतात. केवढं हो मोठं मन! पोरीची परीक्षा झाली आणि बाप गेला. पेपर चांगले गेले हे तिने कुणाला सांगायचं होतं?

आता ती मांडव्याच्या जेट्टीवर कँटीनमध्ये कामाला लागलीय. रोज सायकलनेच जाते. गेल्या महिन्यापासून हँडल करकरायला लागलं. नवं आणून ठेवलं, पण ती जुन्याला हात लावू देईना. बाबांनी बांधलाय दोरा, तो सोडायचा नाही, एवढंच. आणि मी रोज दारात उभी. उतारावर तुटलं तर काय करायचं होतं मी?

मध्येच तुमचे ते पांडूभाऊ आले, हातोडी घेऊन! मित्राच्या पद्धतीनेच बसवून देतो म्हणाले. चहा दिला आणि हातोडीसकट वाटेला लावलं. तुमच्या पद्धतीचं कौतुक करणारी माणसं अजून आहेत, हे बघून तुम्हाला बरं वाटलं असतं.

आज सकाळी विळी घेतली आणि तिच्या डोळ्यांदेखत दोरा कापला. ती रडत होती. मी थांबले नाही. आतून तपकिरी भुगा सांडला ओटीवर. बोट दाबलं तर पत्रा आत गेला. तिने ते बघितलं आणि रडायची थांबली.

मग मी तिला डॉक्टरांचं सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "तुला कधीपासनं माहीत हाय?"

मी खरं ते सांगितलं. ती ओटीवरचा भुगा झाडूने गोळा करत राहिली. तेवढा वेळ मला तुमच्यापेक्षा माझाच जास्त राग आला होता.

तरी तिनेच पाना आणून दिला. गळ्याचा बोल्ट काढला, फटीत एक नाणं उभं धरलं आणि बोल्ट उलट्या बाजूने त्या नाण्यावर पिळला. गळा उघडला! मग नव्या हँडलाला खोबरेल लावून मी वळवत गेले, ती सायकल धरून होती. आलं मधोमध. एकदाही टक्क आवाज नाही. हातोडी ओटीखाली पडलेली आहे तुमची, तिथेच राहू दे.

निघताना पोरगी उंबऱ्यात थांबली. "आई, तुला काय होत न्हाय ना? खरं सांग."

"काय न्हाय गं," म्हटलं मी. लगेच! अगदी तुमच्याच सुरात! तिचं तोंड एवढंसं झालं. ती सायकलवर बसली.

मी हाक मारली आणि सांगितलं, की महिना झाला, पहाटे डावा हात बधिर होतो. बोटं उघडत नाहीत. आज नाणंही त्या हातात नीट पकडता येत नव्हतं. ती तशीच खाली उतरली, सायकल भिंतीला लावली आणि माझा हात धरून बसली. कँटीनला फोन करून टाकला तिने.

तेव्हा शब्द देते. उद्या आम्ही दोघी अलिबागला जातोय. डॉक्टर जे काही बोलतील, ते ती माझ्या शेजारी बसून ऐकेल. वाईट असलं तरी.

मी अशीच बसले असते तुमच्या शेजारी. तुम्ही बसू दिलं नाहीत. ते मी माफ करणार नाही.

तुमचीच, दुसऱ्या कुणाची असणार,
सुरेखा