टाकीतली पानं

कर्वेनगर, पुणे
बुधवार, ११ मार्च २०१५

अमीनभाई यांस,

नमस्कार आणि सलाम, दोन्ही. तुम्ही बरे असाल, सकीनाभाभींचे गुडघे फार त्रास देत नसतील, अशी आशा करते. तुम्ही माझा फोन उचलत नाही, तो तुमचा हक्क आहे. पत्ता भाभींनी दिला. त्यांच्यावर चिडू नका. मी दोन दिवसांत सहा वेळा फोन केला, कोणीही कंटाळून पत्ता दिला असता.

इकडे रोपवाटिका चालू आहे. जास्वंदीवर मावा पडलाय. सोसायटीतली माणसं नेहमीप्रमाणे झाड फुललेलं मागतात आणि भाव बियांचा करतात. माझं वय झालं असं सगळे म्हणतात, पण पिकअप अजून मीच चालवते. डाव्या दाराची काच वर न्यायला अजून दोन हात लागतात, एक काच ओढायला आणि एक शिवी अडवायला तोंडावर ठेवायला.

गाडीचं सविस्तर सांगते, कारण ती तुम्हीच निवडून दिली होतीत. जुनी असली तरी इंजिन प्रामाणिक आहे म्हणाला होतात.

चढावर बंद पडायचा तिचा रोग मी तुमचं गॅरेज सोडल्यावरही गेला नाही. चांदणी चौकाचा चढ आला की धाप लागायची, दोन आचके आणि बंद. मागे हॉर्नचा कल्लोळ, मी दगड शोधत चाकाखाली. दहा मिनिटं उभी केली की जणू काही झालंच नाही अशी चालू! चौदा महिने हे चाललं. एका मेकॅनिकने फिल्टर बदलला, दुसऱ्याने सगळ्या डिझेलच्या नळ्या. तिसरा म्हणाला वायरिंग. वायरिंग केल्यावर गाडी चढावर बंद पडायची आणि शिवाय वायपर आपोआप सुरू व्हायचा. एकाने तर मला सांगितलं, काकू, तुम्ही चालवताना घाबरता म्हणून ती बंद पडते. त्याला मी काय उत्तर दिलं असेल ते तुम्ही ओळखालच.

शेवटी वारज्याचा जयसिंग म्हणून एक पोरगेला मेकॅनिक आहे, त्याने परवा टाकी उतरवली. डिझेल घमेल्यात ओतलं, टाकी उलटी केली, आणि आतून तीन पानं पडली. काळी, चिवट, चामड्यासारखी झालेली. त्याचं म्हणणं, डिझेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर पान बसायचं. चढावर इंजिन जोरात ओढतं, तेव्हा ते घट्ट चिकटायचं. गाडी बंद पडली की ओढ थांबायची आणि पान सुटून खाली. म्हणून दहा मिनिटांनी सगळं ठीक.

"काकू, पानं टाकीत गेली कशी?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "झाडांची गाडी आहे बाबा, पालापाचोळा उडतो. टाकीच्या तोंडाची जाळी फाटलेली, गेला असेल आत."

जयसिंगला पटलं. तुम्हालाही तेवढंच लिहून, गाडी बरी झाली, तुम्ही बसवलेला डिझेलचा पंप निर्दोष होता, गैरसमज झाला, असं पत्र मी काल लिहिलं होतं. छान झालं होतं. वाचलं आणि फाडलं. कारण त्यात खरी गोष्टच नव्हती.

ती पानं आपट्याची होती, अमीनभाई. माझ्या रोपवाटिकेत आपटा नाही. ती मी टाकली. माझ्या हाताने.

दरवर्षी दसऱ्याला सकाळी तुम्ही गाडी धुऊन, पुसून माझ्या दारात आणून लावायचात. तुम्ही गेल्यावर मी पूजा करायचे. झेंडूची माळ, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, ते सगळ्यांसारखं. मग एक पान स्टिअरिंगवर ठेवायचे आणि एक टाकीचं झाकण उघडून आत सोडायचे. गाडी इथून जेवते, तर सोनंही तिला इथूनच द्यावं, असं पहिल्या दसऱ्याला डोक्यात आलं आणि मग रीतच पडली. कुणाला सांगितलं नाही, हसतील म्हणून. तीन दसरे, तीन पानं. तिसरं तर तुमच्याशी भांडल्यानंतरचं. इतके लोक गाडीत काय काय बदलत होते आणि मी मात्र दसऱ्याला जाऊन तिच्या घशात आणखी एक पान घातलं! गाडी सुखरूप ठेव म्हणून हातही जोडले. आहे की नाही शहाणी बाई?

आणि तुम्ही म्हणाला होतात. ते मला स्वच्छ आठवतंय, विसरल्याचा आव आणत नाही. पंप बदलूनही गाडी पुन्हा बंद पडली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "ताई, दोन दिवस गाडी ठेवा, टाकी उतरवून बघतो." मी नाही म्हटलं. गुलाबाच्या रोपांचे दिवस होते, दोन दिवस गाडी सोडायची नव्हती मला. तुम्ही पुन्हा म्हणालात. मी म्हटलं, तुमचा पंप नीट असता तर टाकी कशाला उतरवावी लागली असती?

आता स्टँडवरचं. ते लिहायचं टाळत टाळत इथपर्यंत आले.

त्या दिवशी, पंप बदलल्यानंतर चढावर तिसऱ्यांदा गाडी बंद पडली. मी कशीबशी गाडी घेऊन थेट पिकअप स्टँडवर आले. तुमचं गॅरेज समोरच. मच्छिंद्र आणि सगळे ड्रायव्हर चहाला जमलेले. मी सगळ्यांसमोर ओरडले की अमीनने जुना पंप रंगवून नव्या खोक्यातून बसवला, मला फसवलं. एवढ्यावर थांबले असते तर एक वेळ म्हणता आलं असतं की तापट बाई आहे. पण मी पुढे म्हणाले, "यांची जातच तसली. यांच्यावर विश्वास ठेवला तीच माझी चूक."

हे वाक्य कुणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं. ते माझ्या आतच होतं, आणि मला ते ठाऊकही नव्हतं. वीस वर्षं तुमच्याकडून गाड्या नीट करून घेतल्या, भाभींच्या हातचं खाल्लं, आणि तरी ते आत बसलेलं होतं. मला माझी लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

तुम्ही हात पुसलेत, आत गेलात, काढलेला जुना पंप कागदात गुंडाळून आणून माझ्या सीटवर ठेवलात. वर म्हणालात, "ताई, उतारावर गाडी न्यूट्रल करू नका. ब्रेक धरायला वेळ घेतात." मला तेव्हा तो आगाऊपणा वाटला.

मग एकेक ड्रायव्हर तुमच्याकडे यायचा थांबला. दिवाळीपूर्वी तुमच्या शटरवरची पाटी उतरली. मी समोरून जाताना बघितली आणि गाडी थांबवली नाही.

आज सकाळी मी स्टँडवर गेले. तीन पानं स्टीलच्या डब्यात घालून नेली. नऊ जण होते. सगळं सांगितलं, पूजेपासून टाकीपर्यंत. दोघं हसले, हसू दिलं. मग ते वाक्यही पुन्हा म्हणून दाखवलं आणि म्हटलं, हे मी बोलले, हे खोटं होतं आणि घाणेरडं होतं. मच्छिंद्र म्हणाला, "जाऊ द्या हो काकू, झालं गेलं." मी म्हटलं, "तुझं काय गेलं? दुकान तुझं बंद पडलं का?" तेव्हा तो म्हणाला, "काकू, ते वाक्य मी पण चार ठिकाणी सांगितलंय." मी म्हटलं, मग त्या चार ठिकाणी जा. जाईल. नाही गेला तर मी रोज सकाळी स्टँडवर उभी आहे, आणि माझं तोंड त्याला माहीत आहे.

याने तुमचं गॅरेज परत येत नाही, हे मला कळतं. माफ करा असंही लिहीत नाही. ते मागायचं तर समोर येऊन मागायला हवं. म्हणून रविवारी अकरा वाजता विश्रांतवाडीला, तुम्ही हल्ली काम करता त्या गॅरेजमध्ये येते. तिथल्या मालकासमोर आणि कामगारांसमोर हे सगळं बोलणार आहे. येऊ नका म्हणालात तर भाभींकडे निरोप ठेवा, मी येणार नाही. पण निरोप आला नाही तर येणार, हे नक्की.

एक गोष्ट भाभींनी फोनवर सांगितली आणि मग त्या रडल्या. म्हणाल्या, हल्ली तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला पुढ्यात उभं करता. नवा पार्ट त्याच्यासमोर खोक्यातून काढता, जुना त्याच्या हातात देता, कागदावर त्याची सही घेता, आणि तोवर पाना उचलत नाही. पंचावन्नाव्या वर्षी, शिकाऊ असल्यासारखं.

गाडीची क्लचप्लेट गेली आहे. काम तुम्ही घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. घेतलंत तर मला पुढ्यात उभं करू नका, अमीनभाई. किल्ली देईन आणि समोरच्या हॉटेलात पाठ करून चहा पीत बसेन. खोकं उघडून दाखवू नका. मी बघणार नाही, आणि सही करणार नाही.

तुमची अपराधी,
कुसुम