करणची मान

११ जानेवारी

सगळं घर माझ्यावर फुगलंय. फुगू दे!

परवा करण बापाच्या मोटारसायकलवर पुढं टाकीवर बसला होता. उसाची ट्रॉली एकदम थांबली, पंकजनं करकचून ब्रेक दाबला — पोरगं डोक्यावर आपटलं. चार वर्षांचं लेकरू! हातपाय हलतात, पण मान एका अंगाला, आणि उठताना दोन्ही हातांनी हनुवटी धरतो. हे कुणाला दिसतच नाही?

पंकज म्हणे, "एक्स-रे चांगला आलाय ना? डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतं?"

सासूबाई म्हणाल्या, "मान अवघडली हाय. त्यो मान-पाठ चोळणारा छगन तेल लावून एक झटका दील, की सरळ!"

झटका! मी दारातच उभी राहिले. छगन आल्या पावली परत. सासूबाई जेवल्या नाहीत.

१२ जानेवारी

पंकज कारखान्यावर. मीच जीप केली, करणला घेऊन नगर गाठलं. डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, "मान कुणी चोळली नाही ना?"

नाही म्हटलं. त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

सीटी स्कॅन. मानेचा दुसरा मणका. त्याच्यावरचा खुंटीसारखा भाग या वयात नुसता कूर्चेनं, म्हणजे मऊ हाडानं, जोडलेला असतो — तिथूनच सरकलाय. साध्या एक्स-रेत सहज निसटतं. फार क्वचित होतं म्हणे. क्वचित, आणि आमच्याच घरी!

पंकजला फोन केला. "निघतोच," म्हणाला.

२ फेब्रुवारी

मान हलू नये म्हणून डोक्याला कडं, त्याला दांडे, छातीवर घट्ट जाकीट. अंघोळ नाही, नुसतं पुसायचं. खाज सुटली की किंचाळतो. त्यात पाहुणे! "नजर लागली असंल." नजर नाही हो, ब्रेक लागला!

९ एप्रिल

कडं निघालं. हाड जुळलं! आणि हा पठ्ठ्या पलंगावरून उडी मारायला निघाला. अशी ओरडले मी!

सासूबाईंचं आपलं चालूच — "तेलानंच भागलं असतं." डोकं फिरतं माझं.

१७ एप्रिल

शेजारच्या सूर्यभानची नात झोक्यावरून पडली. मान वाकडी. बायका चोळायला धावल्या, तर सासूबाई मधे आडव्या — "हात लावाल तर बघा! जीप बोलवा!"

पोरीशेजारी स्वतःच चढून बसल्या. मग मला हाक — "अश्विने, चल की! डागदरला तुझ्यावानी इचारता न्हाई येत मला."