नातीच्या गोष्टीतला लोहार

दादा, माझी नात नगरला कॉलेजात आहे आणि मोबाईलवर एका खोट्या गावाची गोष्ट लिहिते. त्या गावातलं लोखंड सांगाल तो आकार घेतं. सकाळी विळा, दुपारी कुदळ, सांजेला तवा. भट्टी नाही, भाता नाही. परवा तिनं वाचून दाखवलं तेव्हा मी विचारलं, "आणि लोहार?" "त्याला काय काम उरलं, आबा? काढून टाकते."

तेव्हापासून जेवणात लक्ष नाही. सून मला म्हणते, "गोष्टीतला लोहार गेला तर तुमचं काय जातं?" ते खरंच आहे. पण तुम्ही ऐरणीपाशी आणि तुमचा पोर मी भात्यावर, तुम्ही गेल्यावर एवढंच तर तुमचं चित्र माझ्यापाशी उरलं आहे. म्हणून नातीला विचारत राहिलो. कुणी झोपेत बरळलं तर? नवरा कुदळ म्हणाला आणि बायको तवा म्हणाली तर? "ते बायकोचंच ऐकणार," ती हसली. आणि रागाच्या भरात कुणी कोयता म्हणालं तर? यावर तिनं मोबाईल खाली ठेवला.

मग तिला ती दुपार सांगितली. बांधावरून भावाशी भांडून एकजण ट्रकच्या स्प्रिंगचा मोडका पाटा घेऊन येतो. "लोहारदादा, लांब कोयता करा. आज भावाला दावतोच." पाटा भट्टीत लालभडक झालेला. तुम्ही मला भाता थांबवायची खूण करता, सांडशीनं पाटा उचलून तसाच पाण्यात बुडवून ठिसूळ करता, मग ऐरणीवर एक घाव घालता. काचेसारखे दोन तुकडे. ते त्याच्या पायाशी ठेवता. तो शिव्या देत जातो. त्या सुगीला त्याच्या खळ्यावरून आपल्याला बलुत्याचं धान्य आलं नाही आणि आई तुम्हाला लई बोलली.

नातीनं मोबाईल पुन्हा हातात घेतला. म्हणाली, "म्हणजे कुठला आकार घ्यायचा नाही, हे त्या लोखंडाला शिकवणारा कुणीतरी लागंल." लोहार गोष्टीत राहिला. मला जरा बरं वाटलं.

मग तिनं विचारलं, "पणजोबा त्याला काय म्हणाले?" मी म्हणालो, "ह्या भट्टीत रागाचं काम व्हत न्हाई." तिनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून खरं ते लिहितो. त्या दुपारी तुम्ही एक अक्षर बोलला नव्हता. ते वाक्य माझं आहे.