अठराव्या वचनापुढची कोरी जागा

मंगळवार, ६ नोव्हेंबर १९३४

कै. सिपोरा दानिएल झिराडकर — असे पूर्ण नाव लिहिलेले पाहून तू हसली असतीस. तेवीस वर्षांच्या संसारात मी ते तोंडाने कधी घेतले नाही.

शोकाचे सात दिवस परवा संपले. सातही दिवस नऊच पुरुष जमले. दहा झाल्यावाचून मृतासाठीची कद्दीश म्हणता येत नाही. तुझ्यासाठीची प्रार्थना अद्याप राहिलीच आहे. मुदत तीस दिवसांची. नाशकात आपल्या बेने इस्रायल समाजाचा दहावा पुरुष एकच — गेर्शोन रोहेकर, इंजिन ड्रायव्हर. त्याच्याशी सहा वर्षे माझे बोलणे नाही.

शुक्रवार, ९ नोव्हेंबर

तुझे मराठी शास्त्र उघडले. तोराची, म्हणजे याच शास्त्राची, हिब्रू पारायणे मी दरवर्षी पूर्ण करतो, याचा मला अभिमान. तुझा खुणेचा दोरा लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात अडकलेला! वचनांपुढे हळदीचे टिपके, ते सतराव्यापर्यंत. अठराव्यापुढे कोरे.

शेजारच्या इंदिराबाईंना विचारले. त्यांना ठाऊक होते, मला नव्हते. त्या म्हणाल्या, "वचन अंगी आलं की टिपका, मगच पुढचं. आम्ही म्हणायचो, अशानं म्हातारपणीसुद्धा पुस्तक संपायचं नाही. तर म्हणत, संपवायचंय कुणाला?"

शनिवार, १० नोव्हेंबर, तारे दिसल्यावर

नऊ.

सोमवार, १२ नोव्हेंबर

शाळेतून आल्यावर तुझे टिपके वाचीत बसतो. आश्चर्य असे की, या बैठकीत मन प्रसन्न असते.

दहावे वचन — मळ्यातील सगळी द्राक्षे खुडू नको, गरिबांसाठी राहू दे. आपल्या अंगणातल्या मांडवाचे खालचे घड तू दर मोसमात तसेच सोडीत असस. मी त्यास गबाळेपणा म्हणत असे. चौदावे — बहिऱ्यास शिव्याशाप देऊ नको. गेणू पाणक्याला ऐकू येत नाही, म्हणून मी खुशाल चडफडत असे. "अहो, त्याला नाही, पण मला ऐकू येतं ना!" — हे तुझे.

छाटलेल्या वेलीला कोंब आले आहेत.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

सतरावे वचन माझे आवडते: शेजाऱ्याचा दोष त्यास स्पष्ट दाखव. त्याच आधारावर सहा वर्षांपूर्वी एका शनिवारी, शब्बाथच्या प्रार्थनेत, गेर्शोनला तोरा वाचण्यापासून उठविले — रात्रपाळी करून, कोळशाने माखलेल्या डगल्यानिशी आला म्हणून. सर्वांदेखत. प्रार्थनेच्या खोलीच्या किल्ल्या तेव्हा त्याच्याकडे असत. संध्याकाळी त्या त्याने मुलाकरवी माझ्याकडे पाठविल्या. तेव्हापासून माझ्याकडे आहेत.

अठरावे वचन: मनात दावा धरू नको, आपल्यासारखीच शेजाऱ्यावर प्रीती कर.

माझे वाचन सतराव्यावर थांबले होते. दरवर्षी पूर्ण होऊनही.

आज टांग्याने नाशिक रोडला गेलो. त्याच्या फाटकावरून परत आलो.

शनिवार, १७ नोव्हेंबर, तारे दिसल्यावर

नऊ. एकच शब्बाथ उरला.

बुधवार, २१ नोव्हेंबर

पुन्हा गेलो. गेर्शोन ओट्यावर दाढी करीत होता. योजून नेलेली चार वाक्ये आठवेनात. त्या दिवशी चूक माझी होती, एवढेच कसेबसे म्हणालो. त्याने तोंड पुसले.

"मास्तर, शुक्रवारी रात्रपाळी आहे. सकाळी उतरून तसाच प्रार्थनेला यावं लागेल. डगला काळा असेल. चालेल?"

मी चालेल म्हणालो. त्याने पत्नीला चहा टाकावयास सांगितले. तिने बशीतून बेदाणे आणले. ते तुझ्या हातच्यासारखे, ओळखीचे वाटले. विचारण्याचे धैर्य झाले नाही.

शनिवार, २४ नोव्हेंबर, तारे दिसल्यावर

दहा!

कद्दीश म्हटली. आवाज दोनदा अडला, तेव्हा गेर्शोन शेजारी येऊन उभा राहिला. तोरा त्यानेच वाचली. माझ्या बाहीला कोळसा लागला आहे. झटकलेला नाही.

रविवार, २५ नोव्हेंबर

गेर्शोन सपत्नीक आला होता. बेदाणे तुझेच. सहा वर्षे दर मोसमात तू त्यांच्याकडे जात होतीस. म्हणजे अठरावे वचन तू केव्हाच पाळले होतेस! मग टिपका का नाही, म्हणून मी त्याच्या पत्नीला विचारले. तिला तू सांगितले होतेस, "घरात दोघं आहोत. एकटीनं कसा लावू?"

आज टिपका लावला. प्रार्थनेच्या खोलीला कुलूप घातले आणि किल्ल्या गेर्शोनला परत केल्या.